गल्ला किती, हातात किती: १९८० ते १९८४ चं अमेरिकी बॉक्स ऑफिस

१९८० साली अमेरिकेत दोन सिनेमे आले. पहिला 'एअरप्लेन!', विमानातल्या संकटपटांची मनसोक्त टर उडवणारा. त्याला खर्च आला साधारण ३५ लाख डॉलर आणि तिकीटबारीवर जमले सुमारे ८ कोटी ३० लाख. दुसरा 'हेवन्स गेट', दिग्दर्शक मायकेल चिमिनोचा भव्य वेस्टर्न. त्याला खर्च आला साधारण ४ कोटी ४० लाख आणि तिकीटबारीवर जमले सुमारे ३५ लाख. एकाचा जेवढा खर्च, तेवढा दुसऱ्याचा गल्ला.

अशी टोकाची जोडी समोर असली की कोण तरलं आणि कोण बुडालं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अडचण असते मधल्या सिनेमांची. १९८२ च्या 'ब्लेड रनर'वर २ कोटी ८० लाखांच्या आसपास खर्च झाला आणि पहिल्या फेरीत अमेरिकेत गल्लाही साधारण तेवढाच जमला. इंटरनेटवरच्या यादीत हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसले की 'चला, निदान खर्च तरी निघाला' असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात तो सिनेमा त्या वर्षी चांगलाच तोट्यात गेला. हे कसं, ते एकदा कळलं की त्या काळातल्या सगळ्या हिट-फ्लॉपच्या याद्या वेगळ्या दिसायला लागतात. म्हणून आधी तिकिटाच्या पैशाला वाटे कसे फुटतात ते बघू.

१९८२ मध्ये अमेरिकेत सिनेमाचं सरासरी तिकीट होतं २ डॉलर ९४ सेंटचं. खिडकीवर जमा होणारी ही सगळी रक्कम म्हणजे गल्ला, आणि आज याद्यांमध्ये दिसतो तो हाच. त्यात कॅनडाचा गल्लाही धरलेला असतो, कारण अमेरिकी वितरक दोन्ही देश मिळून एकच बाजार मानतात. हा पैसा आधी पडतो थिएटरमालकाच्या हातात, आणि त्या काळात हा मालक म्हणजे स्टुडिओ नव्हता. १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि त्यानंतर मोठ्या स्टुडिओंना आपापल्या थिएटरांच्या साखळ्या विकाव्या लागल्या. तेव्हापासून एका बाजूला वितरक, म्हणजे बहुतेक वेळा स्टुडिओच, आणि दुसऱ्या बाजूला थिएटरवाला. प्रत्येक सिनेमागणिक दोघांत नवा सौदा व्हायचा.

मोठ्या सिनेमांचा सौदा असायचा नव्वद-दहाचा. एक काल्पनिक हिशेब घेऊ. एका थिएटरात आठवड्याला २० हजार डॉलर जमले. भाडं, पगार, वीज असा थिएटरचा ठरवून दिलेला साप्ताहिक खर्च ५ हजार. तो थिएटरवाला आधी बाजूला काढणार. उरले १५ हजार. त्यातले ९० टक्के, म्हणजे १३,५०० वितरकाचे आणि १,५०० थिएटरचे. पण करारात आणखी एक कलम असे: पहिल्या आठवड्यात वितरकाला एकूण गल्ल्यातले किमान, समजा, ७० टक्के मिळालेच पाहिजेत. २० हजारांचे ७० टक्के होतात १४ हजार. दोन्हींतली जी रक्कम मोठी ती वितरकाची, म्हणून त्याच्याकडे १४ हजार जाणार. पुढच्या आठवड्यांत ही किमान टक्केवारी साठ, पन्नास, चाळीस अशी उतरत जाते आणि थिएटरवाल्याचा वाटा वाढत जातो.

हे कलम नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी ओढाताण त्यातच दडलेली आहे. वितरकाला गर्दी हवी पहिल्या आठवड्यांत. थिएटरवाल्याला हवा असतो महिनोन्‌महिने टिकणारा सिनेमा, कारण उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाच्या तिकिटातलं जास्त त्याच्या पदरात पडतं. मधल्या काळात त्याला तारतात पॉपकॉर्न आणि थंड पेयं. त्या काउंटरवरच्या पैशात वितरकाचा वाटा नसतो.

त्या काळात थिएटरवाल्यांची दुसरीही एक तक्रार होती, आणि मला ती रास्त वाटते. मोठ्या सिनेमांसाठी त्यांना महिनोन्‌महिने आधी बोली लावावी लागे, किती आठवडे सिनेमा ठेवू आणि किती रक्कम आगाऊ देऊ हे लिहून द्यावं लागे, आणि हे सगळं सिनेमा न बघता. अनेकदा तो बनूनही झालेला नसायचा. थिएटरवाल्यांनी आपापल्या राज्यांच्या विधिमंडळांकडे दाद मागितली आणि सत्तरीच्या अखेरीपासून एकेका राज्यात 'आधी दाखवा, मग बोली मागा' असे कायदे होत गेले.

आठवड्यांचे चढउतार जमेस धरले तर एका सिनेमाच्या एकूण गल्ल्यातला साधारण निम्मा भाग वितरकाकडे पोचायचा. या भागाला त्या धंद्यात रेंटल म्हणत. 'व्हरायटी' हे सिनेधंद्याचं वृत्तपत्र दर जानेवारीत वर्षातल्या मोठ्या सिनेमांची जी यादी छापायचं ती या रेंटलच्या क्रमाने असायची, गल्ल्याच्या नव्हे. त्यामुळे जुन्या पुस्तकात एखाद्या सिनेमापुढे ६ कोटी दिसतात आणि आजच्या संकेतस्थळावर त्याच सिनेमापुढे १२ कोटी. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. चूक होते ती एका सिनेमाचं रेंटल दुसऱ्याच्या गल्ल्याशी ताडून बघताना.

आता या निम्म्यातून काय काय वजा होतं? आधी प्रिंटा. तेव्हा सिनेमा फिल्मच्या रिळांवर जायचा, एका प्रिंटला हजारभर डॉलर किंवा त्याहून जास्त पडत, आणि हजार थिएटरांत एकाच दिवशी सिनेमा लावायचा तर हजार प्रिंटा आल्या. मग टीव्हीवरच्या जाहिराती, कर्जावरचं व्याज, स्टुडिओच्या कचेऱ्यांचा खर्च. शिवाय बड्या मंडळींचे वाटे. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'साठी जॉर्ज लुकास आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी मागितलेला वाटा इतका मोठा होता की बाकीचे स्टुडिओ मागे हटले. पॅरामाउंटनं तो मान्य केला आणि बदल्यात खर्च आवाक्याबाहेर गेला तर दंडाची कलमं घातली. तो जुगार पॅरामाउंटला फळला. पण सिनेमा नफ्यात येण्याआधीच गल्ल्यातून वाटा घेणारे लोक असले की स्टुडिओचा नफ्याचा उंबरठा आणखी वर सरकतो.

धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा की निर्मितीखर्चाच्या अडीच पट गल्ला झाला तर थिएटरांपुरता खर्च सुटला. 'ब्लेड रनर'ला हा हिशेब लावा. पावणेतीन कोटींच्या गल्ल्यातले जेमतेम दीड कोटी वितरकाकडे आले, आणि निर्मितीचा खर्चच त्याच्या दुप्पट. प्रिंटा आणि जाहिराती त्यावर आणखी.

'हेवन्स गेट'मध्ये तर एक अख्खा स्टुडिओ गेला. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा साडेतीन तासांहून मोठा सिनेमा दाखवला गेला, समीक्षकांनी तो फाडून टाकला, आठवड्याभरात तो मागे घेतला गेला आणि एप्रिल १९८१ मध्ये कापून-छाटून पुन्हा लावला. तेव्हाही लोक आले नाहीत. हा सिनेमा काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी १९१९ साली चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफोर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी उभी केलेली. तोवर ती ट्रान्सअमेरिका नावाच्या विमा आणि वित्त कंपनीच्या मालकीची झाली होती. ट्रान्सअमेरिकाने १९८१ मध्ये ती एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओला विकून टाकली. दिग्दर्शकाला मोकळीक देणाऱ्या सत्तरीच्या हॉलिवूडचा शेवट या एका सिनेमाने झाला असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कारण वारं बदलायला आधीच सुरुवात झाली होती, आणि ते दिसतं थिएटरांच्या संख्येत.

पूर्वीची पद्धत अशी: सिनेमा आधी न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत लागायचा. लोक बघायचे, बोलायचे, मग तो हळूहळू उपनगरांत आणि गावांत उतरायचा. जून १९७५ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओनं 'जॉज' चारशेहून जास्त थिएटरांत एकाच दिवशी लावला आणि त्याआधी देशभरच्या टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला. टीव्हीची जाहिरात एकाच वेळी सगळ्या देशाला दिसते. मग सिनेमाही त्याच वेळी सगळ्या देशात असला तरच तिचे पैसे वसूल होतात. एवढं साधं गणित त्यामागे होतं.

लुकासच्या तीन सिनेमांचे आकडे ओळीने ठेवले की हा बदल डोळ्यांसमोर उभा राहतो. 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला ३२ थिएटरांत लागला. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' २१ मे १९८० ला १२६ थिएटरांत, आणि महिन्याभराने त्याची संख्या वाढवली. 'रिटर्न ऑफ द जेडाय' २५ मे १९८३ ला पहिल्याच दिवशी १,००२ थिएटरांत. सहा वर्षांत बत्तीसाचे हजार झाले. आणखी एक: 'एम्पायर'चा खर्च लुकासने स्वतःच्या पैशांतून आणि बँकेच्या कर्जातून उभा केला. तेवढी ऐपत त्याच्याकडे आली होती त्यात खेळण्यांचाही वाटा होता, कारण 'स्टार वॉर्स'च्या वेळी पात्रांच्या वस्तू विकण्याचे हक्क त्याने स्वतःकडे राखले होते. खेळण्यांचा पैसा तिकीटबारीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता १९८२ च्या जूनकडे येऊ. अमेरिकी बॉक्स ऑफिस समजून घ्यायला याहून चांगला महिना मला माहीत नाही.

४ जूनला पॅरामाउंटचा 'स्टार ट्रेक २: द रॅथ ऑफ खान' सोळाशेहून जास्त थिएटरांत लागला. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत त्याने १ कोटी ४३ लाख डॉलर जमवले. तोवर कुठल्याही सिनेमाला पहिल्या तीन दिवसांत एवढं जमलं नव्हतं. पुढच्याच शुक्रवारी, ११ जूनला, युनिव्हर्सलचा 'ई.टी.' अकराशे थिएटरांत आला. त्याचे पहिले तीन दिवस १ कोटी १८ लाखांचे. म्हणजे सोमवारी सकाळी कुणी नुसते आकडे बघितले असते तर 'स्टार ट्रेक'चा सिनेमा पुढे होता.

पण 'स्टार ट्रेक २' चा एकूण गल्ला थांबला ७ कोटी ८९ लाखांवर. पहिल्या तीन दिवसांच्या साडेपाच पट. चांगलाच यशस्वी सिनेमा. 'ई.टी.'चा पहिल्या फेरीचा गल्ला झाला ३५ कोटी ९० लाख, म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या तीस पट. त्याच्या चौथ्या आठवड्याअखेरीचा गल्ला पहिल्यापेक्षा जास्त होता. हे वाक्य आज वाचताना खोटं वाटेल, कारण आता मोठा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आला तरी त्याचं कौतुक होतं. 'ई.टी.' मध्ये थोडा मागे पडायचा, पुन्हा वर यायचा. असे मिळून सोळा आठवडे तो पहिल्या क्रमांकावर होता. वर्षभराहून जास्त काळ तो कुठे ना कुठे चालूच राहिला. सरासरी तिकिटाने भागलं तर बारा कोटींच्या आसपास तिकिटं होतात, आणि तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या होती सुमारे २३ कोटी.

तीस पट कशी होते? एकाच माणसाने तीसदा बघून नाही. मुलं आईवडिलांना घेऊन जातात, आईवडील आजीआजोबांना सांगतात, शाळा सुटायच्या आधी गेलेली मुलं सुटीत पुन्हा जातात. 'स्टार ट्रेक'चे चाहते तयार होते, त्यांना तारीख माहीत होती, ते पहिल्या शुक्रवारीच आले. 'ई.टी.'ला तयार चाहते नव्हतेच. परग्रहावरून आलेला, सुरकुतलेल्या कातडीचा, जेमतेम मुलाएवढा उंच एक प्राणी. ते बघायला यायचं कारण प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं, आणि लोकांनी ते सांगितलं.

हा अपघात एका वर्षाचा नव्हता. आधीच्या उन्हाळ्यात हेच घडलं होतं. १२ जून १९८१ ला 'रेडर्स' आला, पहिल्या तीन दिवसांत ८३ लाख डॉलर. आठवड्याने 'सुपरमॅन २' १ कोटी ४१ लाखांचा विक्रम करत आला. शेवटी 'सुपरमॅन २' चे झाले १० कोटी ८० लाख आणि 'रेडर्स'चे २१ कोटी २० लाख. मुद्दा गुणवत्तेचा आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या तीन दिवसांचा आकडा सांगतो की जाहिरात किती पोचली आणि पोस्टरवरचं नाव किती जुनं-ओळखीचं आहे. सिनेमा लोकांना आवडला का, हे पुढचे आठवडे सांगतात. 'फ्लॅशडान्स' एप्रिल १९८३ मध्ये पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांवर सुरू झाला, समीक्षकांना तो मुळीच रुचला नव्हता, पण १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालेल्या एमटीव्ही या गाण्यांच्या वाहिनीवर त्याची गाणी वाजत राहिली आणि शेवटी ९ कोटींच्या वर गेला.

'ई.टी.'च्या बाबतीत कोलंबिया पिक्चर्सची हळहळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही गोष्ट आधी त्यांच्याकडे होती. हा सिनेमा फक्त लहान मुलं बघतील असं त्यांच्या बाजार-पाहणीत निघालं आणि त्यांनी तो सोडला. युनिव्हर्सलनं घेतला. कोलंबियाने निव्वळ नफ्यातला पाच टक्के वाटा मात्र स्वतःकडे ठेवला होता. दुसरी चूक मार्स कंपनीची: सिनेमात त्या परग्रहवासीला भुलवायला मुलगा गोळ्या टाकत जातो, त्यासाठी मार्सकडे त्यांच्या एम अँड एमची परवानगी मागितली होती. त्यांनी नाही म्हटलं. हर्शी या दुसऱ्या कंपनीनं आपल्या रीसेस पीसेस गोळ्या दिल्या, सिनेमाच्या जाहिरातीत पैसे घातले आणि त्या गोळ्यांचा खप एकदम वाढला.

याच दिवसांत आणखी एक बदल झाला आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आठवड्याअखेरीचे आकडे तोवर धंद्यातल्या लोकांपुरते होते. थिएटरांना फोन करून गल्ले गोळा करणाऱ्या कंपनीमुळे ते वेगाने मिळायला लागले. सप्टेंबर १९८१ मध्ये 'एंटरटेनमेंट टुनाइट' हा रोजचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि सप्टेंबर १९८२ मध्ये 'यूएसए टुडे' हे देशव्यापी रंगीत वृत्तपत्र. दोन्हींना रोज काहीतरी चटपटीत हवं होतं. 'या आठवड्यात पहिला कोण' ही यादी त्यांना आयती सापडली. साधा प्रेक्षक सिनेमाच्या गल्ल्याबद्दल क्रिकेटच्या धावसंख्येसारखं बोलायला लागला तो इथून. मला हे नुकसानीचं वाटतं. ज्या सिनेमाला तीन आठवडे हवे होते त्याच्यावर तीन दिवसांत शिक्का बसायला लागला, आणि शिक्का बसलेल्या सिनेमाला थिएटरवाला दुसऱ्या पडद्यावर ढकलतो.

२५ जून १९८२ हा शुक्रवार याची साक्ष देतो. त्या एकाच दिवशी रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' आणि जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' लागले. 'ई.टी.'ला दोन आठवडे झाले होते आणि तो ऐन भरात होता. परग्रहावरून आलेल्या प्रेमळ जिवावर लोक जीव टाकत असताना कार्पेंटरच्या सिनेमात परग्रहावरून आलेला जीव माणसांना आतून पोखरून त्यांचीच रूपं घेत होता. समीक्षकांनी त्याला घाणेरडा म्हटलं. दीड कोटी खर्चून त्याचा गल्ला दोन कोटींच्याही आत राहिला. हे दोन्ही सिनेमे आज जगभरच्या सिनेमाशाळांत शिकवले जातात. त्या उन्हाळ्यात ते पडले यात त्यांच्या तारखेचा मोठा दोष होता, आणि ही तारीख दिग्दर्शक ठरवत नसतो.

हळूहळू चालणारे सिनेमे मात्र पूर्ण संपले नव्हते. ते उन्हाळ्यातून हिवाळ्यात सरकले. डिसेंबरात मोजक्या थिएटरांत लावायचं, वर्षाअखेरीच्या पुरस्कारांची चर्चा होऊ द्यायची, जानेवारी-फेब्रुवारीत ऑस्करची नामांकनं आली की थिएटरं वाढवायची. 'ऑन गोल्डन पाँड'मध्ये हेन्री फोंडा आणि कॅथरिन हेपबर्न हे दोन वृद्ध कलावंत एका तळ्याकाठच्या घरात बोलत बसतात. त्या सिनेमाने जवळपास १२ कोटी डॉलर जमवले, 'सुपरमॅन २' पेक्षा जास्त.

याच वाटेने आला 'गांधी'. रिचर्ड अ‍ॅटनबरोचा हा सिनेमा कोलंबियाने डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत मोजक्या थिएटरांत लावला. खर्च साधारण २ कोटी २० लाख डॉलर, त्यातला काही भाग आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. एप्रिल १९८३ च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्याच्यासमोर 'ई.टी.' होता. 'गांधी'ने आठ ऑस्कर नेले. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर भानू अथैया यांनी जॉन मोलो यांच्याबरोबर घेतलं. भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या, राजोपाध्ये घराण्यातल्या. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुण्यात वाढलेल्या रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. अमेरिकेतला गल्ला पाच कोटींच्या वर गेला. अडीच पटीच्या ठोकताळ्याला तो थोडासा कमीच पडतो, पण जगभरची कमाई धरली तर सिनेमा घसघशीत फायद्यात गेला. तीन तासांहून मोठा, एकही हॉलिवूडचा तारा मुख्य भूमिकेत नाही, नायक खादी नेसलेला वृद्ध. पहिल्या तीन दिवसांच्या गणितावर या सिनेमाला कुणी दारातही उभं केलं नसतं.

या काळातल्या याद्या वाचताना आणखी एक खाच आहे, ती पुन्हा पुन्हा लागण्याची. व्हिडिओ घरोघरी नव्हता तोवर गाजलेला सिनेमा दोन-चार वर्षांनी थिएटरात परत लावला जाई. 'स्टार वॉर्स' १९८२ पर्यंत अनेकदा लागला आणि दर वेळी त्याच्या एकूण आकड्यात भर पडली. 'ई.टी.'ही १९८५ आणि २००२ मध्ये परत आला. २००२ नंतर दिसणारा त्याचा ४३ कोटी ५० लाखांचा आकडा या तिन्ही वेळांचा मिळून होता. महागाईचंही तसंच. १९८४ मध्ये तिकीट ३ डॉलर ३६ सेंटवर गेलं आणि वर्षाचा एकूण गल्ला पहिल्यांदाच ४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, 'बेव्हरली हिल्स कॉप' आणि 'घोस्टबस्टर्स' या दोन विनोदी सिनेमांनी प्रत्येकी २० कोटींचा टप्पा ओलांडला. पण तिकिटं किती विकली गेली हे बघितलं तर वाढ तेवढी मोठी नव्हती.

आणि मग व्हिडिओ. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्येच सोनीवर खटला भरला होता: सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ यंत्रावर लोक टीव्हीवरचे सिनेमे टेप करतात, ही चोरी आहे, आणि यंत्र बनवणारा तिला जबाबदार आहे. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने स्टुडिओंच्या बाजूने निकाल दिला. १९८२ मध्ये स्टुडिओंच्या संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर व्हीसीआरची, म्हणजे अशा टेप करणाऱ्या यंत्राची, तुलना एकट्या बाईच्या घरात शिरणाऱ्या बॉस्टनच्या कुप्रसिद्ध खुन्याशी केली. १७ जानेवारी १९८४ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. घरी बघण्यासाठी टेप करणं कायदेशीर ठरलं.

स्टुडिओंना खरा जाच होता तो भाड्याच्या दुकानांचा. विकत घेतलेली कॅसेट भाड्याने द्यायला अमेरिकी कायद्यात अडसर नव्हता. दुकानदार ८० डॉलरच्या आसपास एक कॅसेट घ्यायचा आणि शेकडो वेळा भाड्याने द्यायचा, स्टुडिओला त्यातलं काही मिळायचं नाही. पॅरामाउंटनं १९८२ मध्येच वेगळा डाव टाकला: 'स्टार ट्रेक २' ची कॅसेट निम्म्या किमतीला, ३९ डॉलर ९५ सेंटला विकायला काढली. लोकांनी भाड्याने घेण्याऐवजी ती विकत घ्यावी हा हेतू होता. पुढच्या वर्षाअखेरी 'रेडर्स'ही त्याच किमतीला आला. दशकाच्या मध्यापर्यंत व्हिडिओचा पैसा थिएटरांच्या पैशाला गाठायला लागला, आणि ज्या यंत्राला स्टुडिओ कोर्टात खेचत होते त्यानेच त्यांचे पडलेले सिनेमे वर काढले. 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' यांना त्यांचा प्रेक्षक मिळाला तो कॅसेटवर. आपल्याकडेही याच सुमाराला गावोगावी व्हिडिओ पार्लरं निघाली, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्याच्या गावांत हॉलिवूड पहिल्यांदा पोचलं ते या खोल्यांतून.

युनिव्हर्सलनं 'ई.टी.' मात्र ऑक्टोबर १९८८ पर्यंत कॅसेटवर येऊ दिला नाही. तोवर चोरून केलेल्या प्रती जगभर फिरत होत्या, म्हणून अधिकृत कॅसेट ओळखू यावी यासाठी तिची झडप हिरव्या प्लॅस्टिकची केली. किंमत ठेवली २४ डॉलर ९५ सेंट. अमेरिका आणि कॅनडात दीड कोटीच्या आसपास कॅसेटी खपल्या, आणि त्या विक्रीत थिएटरवाल्याला वाटा द्यायचा प्रश्नच नव्हता.